सुकी वुड इअर बुरशी: चव नाही, पण सुपात कामाची

साकोलीकडे माझी चायनीजची गाडी आहे. हॉट अँड सोर सुपासाठी ही सुकी काळी बुरशी ऑनलाइन मागवली, शंभर ग्रॅमचं पाकीट. उघडलं तर वाटलं, एवढ्याचे एवढे पैसे? पण पाण्यात पडली की कितीतरी पट फुगते. मूठभर टाकली अन् अर्ध्या तासात गंज (पातेलं) भरला.

चव मात्र नाहीच. सात्यांच्या, म्हणजे पावसाळ्यात रानात उगवणाऱ्या आपल्या आळिंबीच्या, आशेनं घ्याल तर पैसे गेले समजा. सात्या नुसत्या तेल-तिखटावर भात संपवतात. ही स्वतःहून काही देत नाही. हिचं काम दाताखाली. उकळून बारीक चिरली की कवळ्या हाडासारखी करकर लागते, आणि सूप पुन्हा गरम केलं तरी गाळ होत नाही. "काहो भाऊ, सुपात चामडं टाकलं का?" एका गिऱ्हाइकानं विचारलंच. श्रावणात तर सांगत बसावं लागतं, की मटण नाही, मेलेल्या फांदीवर उगवणारी बुरशी आहे. त्यावर तोंडं आणखीच वाकडी होतात. पोट्टे मात्र मागून खातात.

पावसाळ्यात आपल्या शेताच्या धुऱ्यावरच्या सडक्या फांद्यांवरही असे लिबलिबीत कान दिसतात. मग विकत कायले, असं घरचे म्हणतात. ओळख पक्की नसताना तोडून लोकांना खाऊ घालायची माझी तयारी नाही. चीनमध्ये ही लाकडाच्या भुशाच्या पिशव्यांत मुद्दाम पिकवतात, मी तीच घेतो.

माल बरा, पण बुडाशी साल आणि रेती चिकटलेली होती. दोन-तीन पाण्यांत धुवा, कडक देठ कापून फेका. पॅकिंगची तारीख पुसलेली, त्याचा एक तारा कापला.

रात्रभर भिजत ठेवू नका, आपल्या उन्हाळ्यात तर मुळीच नाही. उबेत पडून राहिलेल्या बुरशीत कधीकधी असे जिवाणू वाढतात, की त्यांचं बॉन्गक्रेकिक आम्ल हे विष उकळूनही जात नाही. चीनमध्ये असल्या खाण्यानं माणसं दगावली आहेत. लागेल तेवढीच भिजवा, उरली तर फेका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरला विचारा, कारण ही बुरशी रक्त गोठण्यावर परिणाम करते हे 1980 पासून नोंदलेलं आहे.

पाचपैकी चार. घरासाठी पन्नास ग्रॅमचं पाकीट पुष्कळ झालं.