दम न लागणारी गायिका

पुण्यात जपानी शिकणाऱ्या भाचीने मला 'मेल्ट' हे 2007 सालचे गाणे ऐकवले, तेव्हा गायिकेचा आवाज पातळ आणि जरा नाकातला आहे, एवढेच मला जाणवले. "मामा, ही गाणारी बाई नाहीच मुळी," असे ती म्हणाली, आणि मग मी तेच गाणे आणखी तीनदा ऐकले.

त्या गाण्यातली गायिका म्हणजे हात्सुने मिकू, आणि हे एका सॉफ्टवेअरचे नाव आहे. यामाहाच्या व्होकलॉइड या तंत्रावर उभे असलेले हे सॉफ्टवेअर साप्पोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडिया या कंपनीने 31 ऑगस्ट 2007 रोजी बाजारात आणले. मूळ आवाज साकी फुजिता या अभिनेत्रीचा आहे. तिच्याकडून अक्षरे आणि एका ध्वनीतून दुसऱ्यात जाताना होणारे जोड ध्वनिमुद्रित करून घेतलेले आहेत, आणि संगणक ते तुकडे आपण सांगू त्या सुरात सांधून देतो. खोक्यावर सोळा वर्षांची, 158 सेंटिमीटर उंचीची, हिरव्या-निळ्या केसांची एक मुलगी आहे. तिचे चरित्र कंपनीने जवळजवळ कोरेच ठेवले, आणि ती कोरी जागा हौशी संगीतकारांनी भरून काढली, म्हणूनच मिकूची गाणी गायिकेच्या नावावरून शोधण्यात फारसा अर्थ नाही. ती संगीतकाराच्या नावावरून शोधावीत.

भाचीच्या लॅपटॉपवर हे सॉफ्टवेअर चालताना पाहिले, आणि देवनागरी वाचणाऱ्याला ते किती चटकन कळते याचे नवल वाटले. पडद्याच्या डाव्या कडेला पेटीच्या पट्ट्या उभ्या मांडलेल्या असतात. त्यांच्या रेषेत प्रत्येक सुराचा एक चौकोन काढायचा आणि त्यात काना या जपानी लिपीतले एक अक्षर भरायचे. जपानी अक्षरांचा क्रमही अ, इ, उ, ए, ओ आणि पुढे क, स, त, न असा आपल्या वर्णमालेच्या वळणाचा आहे, कारण बौद्ध पंडितांबरोबर तिकडे गेलेल्या सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीच्या अभ्यासातून तो आला. मौज अशी की आपण ज्याला अनुस्वार म्हणून अक्षराच्या डोक्यावर बसवतो, त्या 'न्'ला जपानीत स्वतःची मात्रा असल्यामुळे गाण्यात त्याला वेगळा सूरही मिळू शकतो.

मात्र अक्षरे भरून झाली की गाणे झाले, असे होत नाही. नुसते टंकलेले गाणे पाठांतर केलेल्या कवितेसारखे सपाट उमटते, आणि सुरांची चढउतार, आंदोलन, आवाजातला जोर हे सारे चौकोनागणिक हाताने घालावे लागते. या खटाटोपाला तिकडचे हौशी लोक 'चोक्यो' म्हणतात. हा शब्द मुळात जनावराला वळण लावण्यासाठीचा आहे, आणि तो किती चपखल आहे हे तासभर शेजारी बसल्यावर पटते.

संथ, करुण गाण्यांत हा आवाज मला अजूनही उणा वाटतो. भावगीतांवर वाढलेला कान लांबवलेल्या सुराच्या शेवटी श्वासाची वाट पाहतो, आणि तो येत नाही. पण याच उणिवेचे काही संगीतकारांनी सोने केले. मूळ आवाजासाठी कंपनीने सुचवलेली लय मिनिटाला 70 ते 150 ठोक्यांची होती. कॉस्मो या संगीतकाराने 'हात्सुने मिकूचे लुप्त होणे' या अर्थाच्या गाण्यात ती 240 वर नेली आणि मिकूकडून अक्षरांचा असा मारा करवून घेतला की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. वोवाका यांचे 2010 मधले 'रोलिंग गर्ल' त्याहून सरस आहे, कारण तिथे घाई ही निव्वळ कसरत राहत नाही. पुन्हा पुन्हा पडून उठणाऱ्या मुलीची ती कहाणी आहे, आणि न थकणाऱ्या गळ्यातून आली म्हणूनच ती अंगावर येते.

पुढे ही शैली माणसांच्या गळ्यात उतरली. 'हाची' या नावाने मिकूकडून गाऊन घेणारे केन्शी योनेझू आज स्वतःच्या आवाजात गातात, आणि योआसोबी या गाण्याच्या जोडीतले संगीतकार आयासे हेही व्होकलॉइडच्याच मुशीतून आलेले आहेत. 2015 च्या अखेरीस एन्का या जुन्या वळणाच्या जपानी भावगीतांच्या गायिका साचिको कोबायाशी यांनी दूरचित्रवाणीवरच्या वर्षअखेरच्या 'कोहाकु' या गाण्यांच्या कार्यक्रमात मिकूचे 'सेन्बोन्झाकुरा' गायले.

ऐकायला सुरुवात करणाऱ्याने 'मेल्ट' आणि 'रोलिंग गर्ल' या क्रमाने जावे. लुप्त होण्याचे गाणे आधी ऐकू नये, डोके उठेल. सॉफ्टवेअर विकत घेण्याचा विचार मात्र जपानी गाणी रचायची असतील तरच करावा. आम्ही हौसेने मिकूला 'चांदोबा चांदोबा भागलास का' शिकवायला गेलो. जपानीत भ नाही, ल नाही आणि शब्दाच्या शेवटी नुसता स् टिकत नाही, त्यामुळे तिने अगदी सुरात विचारले, "चान्दोबा, चान्दोबा, बागारासु का?"