मुंबई ते स्टुटगार्ट एकाच तिकिटावर: फ्रँकफर्टपर्यंत विमान, पुढे रेल्वे

मुंबईहून स्टुटगार्टला थेट विमान नाही. बहुतेकांचा रस्ता फ्रँकफर्टवरून जातो आणि तिथून पुढे दोन वाटा फुटतात. एक छोट्या विमानाची, दुसरी रेल्वेची. लुफ्तान्साची ‘एक्स्प्रेस रेल’ ही सेवा रेल्वेचा टप्पा विमानाच्याच तिकिटात बसवते. गाडी जर्मन रेल्वेची, म्हणजे डॉइच बानची असते, पण तिकिटावर तिला लुफ्तान्साचा फ्लाइट नंबर असतो. बुकिंगचा पीएनआर एक, पैसे एकदाच भरायचे आणि मधली जोडणी चुकली तर पुढची सोय विमान कंपनीने करायची.

या सेवेची खरी किंमत त्या शेवटच्या वाक्यात आहे. बाकीचे फायदे, म्हणजे राखीव सीट किंवा मायलेज पॉइंट, दुय्यम आहेत.

मुंबई आणि स्टुटगार्ट 1968 पासून भगिनी-शहरं आहेत. आज पुणे, चाकण आणि नाशिकच्या वाहन उद्योगातली बरीच मराठी मंडळी बॉश आणि मर्सिडीजच्या निमित्ताने त्या भागात असतात. त्यांना भेटायला जाणारे आईवडील बहुधा पहिल्यांदाच युरोपात उतरतात. हा मजकूर मुख्यतः त्यांची तिकिटं काढणाऱ्यांसाठी आहे.

ही कल्पना तशी जुनीच. 1982 मध्ये लुफ्तान्साने ऱ्हाईन नदीच्या काठाने ड्युसेलडॉर्फ ते फ्रँकफर्ट विमानतळ अशी स्वतःची गाडी सुरू केली आणि ती 1993 पर्यंत चालवली. आत्ताच्या सेवेची सुरुवात 2001 मध्ये स्टुटगार्टच्या मार्गापासून झाली. 2002 मध्ये कोलोन ते फ्रँकफर्ट हा ताशी 300 किलोमीटर वेगाचा लोहमार्ग खुला झाला आणि 2007 मध्ये लुफ्तान्साने कोलोन-फ्रँकफर्ट विमान बंदच करून टाकलं. रेल्वे तासाभरात पोचवत असताना ते विमान चालवण्यात अर्थ उरला नव्हता. 2022 मध्ये डॉइच बान ‘स्टार अलायन्स’ या विमान कंपन्यांच्या संघटनेची पहिली बिगर-विमान भागीदार झाली.

आता बुकिंग. लुफ्तान्साच्या साइटवर ‘कुठे’ या चौकटीत स्टुटगार्ट टाकलं की दोन ठिकाणं दिसू शकतात, एक विमानतळ (एसटीआर) आणि दुसरं मुख्य रेल्वे स्थानक (झेडडब्ल्यूएस). कोलोनच्या मुख्य स्थानकाचा कोड क्यूकेएल. हे कोड लक्षात ठेवा, कारण एजंटकडून आलेल्या ई-तिकिटावर पुष्कळदा तेवढेच छापलेले असतात आणि विमानाचा प्रकार लिहायच्या जागी ‘टीआरएन’ असतं. टीआरएन म्हणजे ट्रेन. ही तीन अक्षरं न वाचल्यामुळे लोक फ्रँकफर्टच्या टर्मिनलमध्ये स्टुटगार्टच्या विमानाचं गेट शोधत बसतात.

स्टुटगार्टचा विमानतळ शहराच्या दक्षिणेला आहे आणि तिथून मुख्य स्थानकात यायला एस-बान लोकलने जवळजवळ अर्धा तास लागतो. उलट फ्रँकफर्ट विमानतळावरून निघालेली आयसीई, म्हणजे लांब पल्ल्याची वेगवान गाडी, सव्वा तासाच्या आसपास थेट शहराच्या मध्यात सोडते. छोट्या विमानाचं उड्डाण पाऊण तासाचं असलं तरी मधली वाट पाहणी, पुन्हा सुरक्षा तपासणी आणि शेवटची एस-बान मिळवली तर वेळेत रेल्वेच सरस ठरते. विमानाच्या बाजूने एकच गोष्ट राहते आणि ती हलकी नाही: सामान.

रेल्वेच्या तिकिटात सामान मुंबईहून फक्त फ्रँकफर्टपर्यंत टॅग होतं. मुंबईच्या काउंटरवर टॅगवर ‘एफआरए’ हा फ्रँकफर्टचा कोड छापलाय ना, हे बघून घ्या. फ्रँकफर्टला इमिग्रेशन झाल्यावर बॅगा पट्ट्यावरून उचलायच्या, कस्टममधून न्यायच्या आणि स्वतःच गाडीत चढवायच्या. गाडीत वजनाचं बंधन नाही, पण हमालही नाही. 23 किलोच्या दोन बॅगा आणि वर पाठीवरची सॅक घेऊन सत्तरीतल्या माणसाने आयसीईच्या पायऱ्या चढणं अवघड आहे. गाडी थांबते ती जेमतेम काही मिनिटं. आईवडील एकटे येणार असतील आणि फ्रँकफर्टला घ्यायला कोणी जाणार नसेल, तर त्यांच्यासाठी छोट्या विमानाचंच तिकीट काढा. त्यात सामान थेट स्टुटगार्टला मिळतं. हे आम्ही रेल्वेच्या बाजूचे असूनही सांगतो.

कस्टमबद्दल एक गोष्ट. युरोपीय संघाबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ खासगी सामानातून आणायला बंदी आहे. म्हणजे साजूक तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या, बर्फी यांना मनाई. ताज्या फळांसाठी वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं आणि त्यातून सूट आहे ती फक्त नारळ, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियन यांना. हापूसला नाही. भाजणी, मसाले, चकल्या, पोहे यांना अडचण नाही. तुपातल्या लाडवांवरून वाद झाला तर वेळ जातो आणि राखीव गाडी निघून जाते. त्यामुळे असा खाऊ आणूच नका.

आता वेळेचा हिशोब. मुंबईचं विमान पहाटे निघून सकाळी फ्रँकफर्टला उतरतं. त्याच वेळी आशिया आणि अमेरिकेहून बरीच विमानं येतात आणि पासपोर्टच्या रांगा लांबतात. ऑक्टोबर 2025 पासून युरोपची नवी प्रवेश-निर्गमन नोंदणी सुरू झाली आहे. त्यात अल्पकालीन व्हिसावर येणाऱ्यांचे बोटांचे ठसे आणि फोटो घेतले जातात. जर्मनीचा निवासी परवाना असलेल्यांना ती लागू नाही, पण आईवडिलांना लागू आहे. बुकिंगची प्रणाली बऱ्याचदा उतरण्याच्या वेळेच्या अगदी जवळची गाडी सुचवते. ती घेऊ नका. उतरण्याच्या वेळेपासून किमान दोन तास सोडा, पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी अडीच. या मार्गावर दिवसभर गाड्या असतात, त्यामुळे उशिराची निवडल्याने फारसं बिघडत नाही.

फ्रँकफर्ट विमानतळाला दोन रेल्वे स्थानकं आहेत आणि इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. टर्मिनल 1 च्या पोटात आहे ते ‘रेगिओनालबानहोफ’. तिथे एस-बान आणि प्रादेशिक गाड्या येतात, फलाट 1 ते 3. आयसीई तिथून सुटत नाही. तुम्हाला हवं ते ‘फर्नबानहोफ’, लांब पल्ल्याचं स्थानक, 1999 मध्ये उघडलेलं, फलाट 4 ते 7. टर्मिनल 1 मधून बंदिस्त पादचारी पुलाने तिथे जाता येतं. फलकांवर ‘Fern’ हा शब्द आणि रेल्वेचं चिन्ह शोधा. बॅगांसह दहा-पंधरा मिनिटं चाल धरा. दुसऱ्या कंपनीच्या विमानाने वेगळ्या टर्मिनलवर उतरला असाल, तर टर्मिनल 1 पर्यंत यायचा वेळ त्यात मिळवा.

फलाटावर उतरल्यावरचे दोन बारकावे. पहिला असा की फलाट ए, बी, सी अशा अक्षरांच्या भागांत विभागलेला असतो आणि तुमचा डबा कुठल्या अक्षरापाशी थांबेल ते वरच्या निळ्या पाटीवर किंवा डॉइच बानच्या अॅपमध्ये दिसतं. आधीच त्या अक्षरापाशी जाऊन उभं राहायचं. दुसरा असा की कधीकधी गाडी उलट्या क्रमाने येते आणि 21 नंबरचा डबा जिथे यायचा तिथे 29 येतो. उद्घोषणा आधी जर्मनमध्ये होते. कानावर ‘उमगेकेर्टे वागेनराइउंग’ असे शब्द पडले, तर समजायचं की डब्यांचा क्रम उलटलाय. अशा वेळी फलाटावर बॅगा ओढत धावू नका, जवळच्या दारातून चढा. मोठ्या बॅगा दाराजवळच्या रॅकमध्ये लावा आणि मग आतल्या आत आपल्या डब्याकडे जा. काही आयसीई गाड्या दोन संच जोडून धावतात आणि एका संचातून दुसऱ्यात आतून जाता येत नाही. म्हणून चढताना निदान आपला संच तरी गाठा.

गाडीत टीसी येतो आणि बोर्डिंग पासवरचा कोड स्कॅन करतो. यासाठी रेल्वेच्या टप्प्याचंही चेक-इन आधी करावं लागतं, विमानासारखंच, अॅपवर किंवा साइटवर. नुसतं पीएनआर दाखवून काम होईलच असं नाही. मोबाइलचं रोमिंग चालू नसेल तर पास आधी डाउनलोड करून ठेवा, मुंबईत छापून घेतला तर उत्तम. इकॉनॉमीच्या तिकिटावर दुसरा वर्ग मिळतो, बिझनेसच्या तिकिटावर पहिला.

येताना विमान उशिरा उतरलं आणि गाडी चुकली, तर अॅपवर किंवा लुफ्तान्साच्या काउंटरवर पुढच्या गाडीचं बुकिंग करून घ्यायचं. त्याचे पैसे पडत नाहीत. स्वस्त म्हणून बरेच जण डॉइच बानचं ‘श्पारप्राइस’ तिकीट वेगळं काढतात. ते एका ठरावीक गाडीशी बांधलेलं असतं. विमान उशिरा आलं ही रेल्वेची चूक नाही, म्हणून ते तिकीट तिथेच फुकट जातं. मग आयत्या वेळचं महाग तिकीट घ्यावं लागतं आणि आधी वाचवलेले युरो त्यात जातात. जर्मनीत राहणाऱ्यांकडे असलेलं डॉइचलँडटिकेट, म्हणजे लोकल आणि प्रादेशिक गाड्यांचा मासिक पास, आयसीईत चालत नाही, हेही लक्षात असू द्या.

परतीच्या प्रवासात धोका उलटा होतो. आता रेल्वे आधी आहे आणि विमान वाट पाहणार नाही. डॉइच बानच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी 2024 मध्ये वेळेवर पोचल्या त्या फक्त 62.5 टक्के, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर त्या हिशोबात ‘वेळेवर’ धरला जातो. स्टुटगार्टच्या मार्गावर मानहाइमजवळची दुरुस्ती 2024 मध्ये पाच महिने चालली होती. असं काही पुन्हा निघालं की वेळापत्रक पार बदलतं. एक्स्प्रेस रेलच्या तिकिटावर गाडी रखडून विमान चुकलं, तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी लुफ्तान्साची. वेगळं तिकीट असेल तर ती तुमची, आणि मुंबईचं आयत्या वेळचं तिकीट कितीला पडतं हे सगळ्यांना माहीत आहे. या एका कारणासाठी परतीला एकत्र तिकीट घेणं आम्हाला योग्य वाटतं.

पण त्यात एक उणीव आहे. विमान तीन तासांहून जास्त उशिरा पोचलं तर युरोपच्या 261/2004 नियमाने, कंपनीच्या हाताबाहेरचं कारण नसेल तेव्हा, या अंतरासाठी 600 युरोपर्यंत भरपाई मिळते. तो नियम विमानांसाठी आहे. उशीर रेल्वेचा असेल तर त्या नियमाखाली पैसे मिळत नाहीत, पर्यायी विमान तेवढं मिळतं. तिकीट एक असूनही हक्क दोन प्रकारचे राहतात आणि हे बुकिंगच्या पानावर ठळक लिहिलं गेलं पाहिजे.

दुसरी काळजी कूपनांच्या क्रमाची. विमान तिकिटाचे टप्पे, म्हणजे कूपनं, क्रमाने वापरावे लागतात. परतीला स्टुटगार्टहून रेल्वे असताना मित्राच्या गाडीने थेट फ्रँकफर्टला गेलात, तर न वापरलेल्या पहिल्या टप्प्यामुळे पुढचं मुंबईचं विमानही रद्द होऊ शकतं. बेत बदलला तर निघण्याआधी कंपनीला कळवून तो टप्पा काढून घ्या. मुंबईचं विमान दुपारी निघतं आणि सामान देण्याची मुदत साधारण तासभर आधी संपते. स्टुटगार्टला सामान घेत नाहीत, म्हणून विमानाच्या किमान साडेतीन तास आधी फ्रँकफर्टला पोचणारी गाडी घ्या. स्टुटगार्टच्या मुख्य स्थानकाचं बांधकाम वर्षानुवर्षं चालू आहे आणि शहराच्या बाजूने फलाटापर्यंत बरंच चालावं लागतं. तिथे वीस मिनिटं आधी पोचा.

याच कुळातली दुसरी सेवा म्हणजे ‘रेल अँड फ्लाय’. ती लुफ्तान्साखेरीज इतर अनेक विमान कंपन्याही देतात. हे तिकीट जर्मनीतल्या कुठल्याही स्थानकावरून चालतं, ठरावीक गाडीचं बंधन नाही, आणि जाताना उड्डाणाच्या आदल्या दिवशी, येताना दुसऱ्या दिवशीही वापरता येतं. सीट राखीव नसते, हवी तर वेगळे पैसे. मात्र विमानाला वेळेवर पोचणं ही सर्वस्वी प्रवाशाची जबाबदारी. येताना हे तिकीट फार सोयीचं आहे, कारण इमिग्रेशनला कितीही वेळ लागो, पुढची कुठलीही गाडी पकडता येते. लहान गावात राहणाऱ्यांना, जिथे एक्स्प्रेस रेल पोचत नाही, तिथे हेच चालतं. जाताना ते वापरणार असाल तर आदल्या दिवशी फ्रँकफर्टला जाऊन राहा, नाहीतर हव्या त्या गाडीच्या दोन गाड्या आधीची घ्या.

कोलोनला जाणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. फ्रँकफर्टहून येणाऱ्या काही आयसीई मुख्य स्थानकात जातच नाहीत, नदीपलीकडच्या कोलोन मेसे/डॉइट्झ स्थानकावर थांबतात. तिकिटावर कुठलं नाव आहे ते बघा आणि घ्यायला येणाऱ्याला तेच कळवा. म्युनिकमार्गे मुंबईचं विमान स्वस्त दिसलं, तर त्या विमानतळावर आयसीईचं स्थानक नाही हे आधी जमेस धरा. तिथून एस-बानने शहरात यायचं आणि मग मुख्य स्थानकावरून गाडी पकडायची, म्हणजे बॅगा आणखी एकदा चढवायच्या-उतरवायच्या.