वाड्यातलं ऑफिस: खाली बसा, वर जाऊ नका

मी मुद्रितं तपासते. या कामाला शांतता लागते आणि आमच्या घरासमोर वर्षभर एक सोसायटी पाडून बांधणं चाललंय. म्हणून मार्चपासून पुण्याच्या नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्यातल्या सामायिक ऑफिसात टेबल भाड्याने घेतलंय. महिना साडेपाच हजार, चहा वेगळा. जागेचं नाव लिहीत नाही. पुढे तक्रारी आहेत आणि मालक रोज भेटतात.

दिंडीतून, म्हणजे मोठ्या दरवाज्यातल्या छोट्या दारातून, वाकूनच आत जावं लागतं. पाठीवरच्या सॅकसकट मी दोनदा अडकले. आत देवडी, म्हणजे दारालगतची पहाऱ्याची जागा, मग चौक, चौकात हौद. वर्षानुवर्षं कोरडा पडलेला हा हौद आता भरून कमळं लावली आहेत, आणि डास नकोत म्हणून गप्पी मासे सोडलेत. ओसरीवर जाईचा वेल चढवलाय. एवढं सगळं खरं असताना देवडीत प्लॅस्टिकच्या पानांची हिरवी भिंत कशाला लावली, ते डिझायनरच जाणे. तिच्यावरची धूळ पुसायला एक माणूस लागतो.

माझं टेबल ओसरीला लागून असलेल्या दालनात, सोप्यात. शेजारच्या खांबाकडे मी मुद्रितांपेक्षा जास्त बघते. सागवानी खांब दगडी तळखड्यावर उभा असतो. तिथे ओल धरली की वाळवी खालून पोखरत जाते. इथे सुताराने गुडघ्याएवढा कुजका भाग कापून काढला आणि खाचेत खाच बसवून नवा साग सांधला. वरचं लाकूड काळपट, खालचं मधाच्या रंगाचं. पॉलिश मारून सांधा लपवलेला नाही, आणि याचे मी पूर्ण गुण देते. खांबावर हात पुरणार नाही अशा उंचीवर एक खिळा आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पाणी तिथवर चढलं होतं, असं मालक सांगतात.

एप्रिलमध्ये दुपारच्या जेवणापर्यंत मला पंखा लागला नाही. भिंती हातभर जाड, आणि चौकातली तापलेली हवा वर निघून गेली की देवडीतली गार हवा आत ओढली जाते. वरच्या मजल्यावर मात्र पत्रा तापतो. तिथे चार एसी बसवले, आणि त्यांची गरम हवा ओकणारी यंत्रं टांगली कुठे? चौकात! मे महिन्यात दुपारी ती सुरू झाली की जाईची पानं मान टाकायची आणि आम्ही खालचे पंख्याखाली सरकायचो.

दुसरी तक्रार भिंतीची. सोप्याच्या तीन भिंतींना चुन्याचा गिलावा केलाय, अगदी जुन्या पद्धतीने: कळीचा चुना भिजत घालून, दगडी घाण्यात मळून, गूळ आणि हिरड्याचं पाणी घालून. वेळ खाणारं काम. चौथ्या भिंतीशी येईपर्यंत पैसे संपले असावेत, कारण तिथे सिमेंट थापलंय. चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते, सिमेंट ती आत कोंडतं. एका पावसाळ्यात त्या भिंतीला लोणा फुटला, म्हणजे पांढरे क्षार वर आले, रंगाचे पापुद्रे सुटले. आता तिथे मोठं चित्र लावलंय. चित्रामागे बघू नका.

कोनाड्यांचा उपयोग झकास केलाय. एकात प्रिंटर, एकात चार्जर, देवाच्या कोनाड्यात गणपती आहे तसाच. वायफाय मात्र या भिंतींपुढे हात टेकतं, आणि मोबाईलला रेंज फक्त चौकात. त्यामुळे सगळे फोन हौदाच्या कठड्यावर बसून. मी लहानपणी सदाशिव पेठेत दोन खणांच्या बिऱ्हाडात वाढले. तिथे अख्ख्या वाड्याला चौकात एक नळ होता आणि कुणाचं काय चाललंय ते पाणी भरताना कळायचं. इथेही तेच. कुणाचा पगार वाढला, कुणाचं कर्ज नामंजूर झालं, मला सगळं ठाऊक आहे. मुद्रितात तेवढे दोन ऱ्हस्व-दीर्घ सुटतात.

पार्किंग नाही, विचारूही नका. गणपतीचे दहा दिवस घरून काम करावं लागतं. ऑफिसचे दोन महिने आगाऊ भरलेत, टेबल तेच, खांबाजवळचं. आणखी दोन रिकामी आहेत म्हणे, पण ती वर.