मिनी २ चं सामान आणि ‘ऑफिशियल’चा घोळ: आठ महिन्यांच्या वापरानंतर

डीजेआय मिनी २ ड्रोनसाठी आठ महिन्यांत आलेलं सामान असं: तीन बॅटऱ्या, पात्यांचे चार सेट, फिल्टर, एक मेमरी कार्ड. थोडं सोलापूरच्या नव्या पेठेतून, बाकीचं ऑनलाइन. त्यात सगळ्यात महागात पडला तो ‘ऑफिशियल’ हा शब्द.

मोठ्या साइटवर वस्तूच्या नावाजवळ ब्रँडच्या ‘ऑफिशियल’ स्टोअरची लिंक असते. ती ब्रँडच्या पानावर नेते, एवढंच. माल कोण विकतंय ते ‘सोल्ड बाय’पुढे असतं. गंमत म्हणजे सोलापूरचा ४१३००१ टाकल्यावर दिसलेला विक्रेता पुण्याचा पिनकोड टाकला की बदलू शकतो. एकाऐवजी दोनचा पॅक निवडला तरी बदलतो. त्यामुळे पैसे भरण्याआधी कार्टमध्ये नाव पुन्हा वाचायचं. माल साइटच्या गोदामातून येतो म्हणजे तो साइटचा किंवा कंपनीचा असतो असं नाही.

विक्रेत्याच्या नावावर टिचकी मारून पत्ता बघावा. जीएसटी क्रमांक दिला असेल तर सुरुवातीचे दोन अंक राज्याचे असतात; महाराष्ट्राचे २७, दिल्लीचे ०७. पूर्ण क्रमांक जीएसटी पोर्टलवर टाकला की नोंदणीचं नाव आणि ती चालू आहे की रद्द, हे कळतं. स्वतंत्र वेबसाइट असेल तर पत्त्याशेजारच्या कुलपावर भरवसा नको, ते कुणालाही मिळतं. ‘ऑथराइज्ड डीलर’ सर्टिफिकेटचा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटोही तसाच. तपास उलट दिशेने करायचा: कंपनीच्या साइटवरच्या विक्रेत्यांच्या यादीत हे दुकान आहे का?

खरा फरक बॅटरीत दिसतो. मिनी २ ची बॅटरी २२५० एमएएच, ७.७ व्होल्टची. कोरी बॅटरी झोपलेली असते. पहिल्यांदा चार्जिंगला लावल्याशिवाय जागी होत नाही. खोकं उघडून बटण दाबलं आणि दिवे लागले, तर ती आधी कुणीतरी चार्ज केलेली आहे. नंतर ड्रोनमध्ये घालून डीजेआय फ्लाय अ‍ॅपच्या सेफ्टी विभागात बॅटरीची माहिती उघडायची. तिथे सिरियल नंबर, किती वेळा चार्ज झाली तो आकडा आणि दोन्ही सेलचे व्होल्टेज दिसतात. ‘नवी’ म्हणून आलेल्या एका बॅटरीचा आकडा ३१ निघाला. विक्रेत्याचं उत्तर: “टेस्टिंग केलंय.” एकतीस वेळा! फुल चार्जनंतर दोन सेलमध्ये ०.१ व्होल्टचा फरक राहिला तर बॅटरी परतच करावी.

नकली बॅटरीची दुसरी परीक्षा आपला एप्रिल-मे घेतो. मिनी २ ची मर्यादाच ४० अंशांची, आणि सोलापुरात पारा ती सहज ओलांडतो. फुगलेल्या बॅटरीमुळे मागचं झाकण नीट बसत नाही. जोर लावून बसवलेली बॅटरी हवेत सैल झाली तर ड्रोन थेट खाली.

पात्यांत फसगत लहान, त्रास मोठा. प्रत्येक मोटरला दोन पाती, प्रत्येकी एक स्क्रू. खुणेची पाती ड्रोनच्या खुणेच्याच हातांवर, आणि बदलताना दोन्ही एकदम. स्वस्त सेटमध्ये पात्यांचं वजन जुळत नाही, मग व्हिडिओ जेलीसारखा थरथरतो. सोबतचे स्क्रूही कोरडे, पकड धरणारा लेप नसलेले. ते हळूहळू सुटतात.

मेमरी कार्डवर नाव कुठलंही असो, आधी एफ३ किंवा एचटूटेस्टडब्ल्यू या कार्ड तपासायच्या प्रोग्रॅमने पूर्ण भरून खरी क्षमता तपासावी. बॅग, लँडिंग पॅड मात्र कुठूनही घ्या, जादा पैसे घालवू नका. प्रोपेलर गार्ड घेताना वजन बघा: ड्रोन २४९ ग्रॅमचा, त्यामुळे गार्ड लावले की २५० ओलांडून सरकारी वजनगटात नॅनोचा मायक्रो होतो.

फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुट्या भागांवर नाही. म्हणून भाग नाना वाटांनी येतात. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष यांचं स्टिकर नसेल, तर माल अस्सल असूनही वॉरंटीला कुणी उभं करत नाही. पार्सल फोडताना व्हिडिओ पत्त्याच्या लेबलापासून सुरू करून बॅटरीच्या पहिल्या बटणापर्यंत सलग घ्यावा. ३१ वाली बॅटरी परत गेली ती त्याच व्हिडिओवर. नाहीतर पुढचा फोन ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ ला लावायचा होता.