वेक्सफर्ड की विंडहॅम? वर्णभेदावरच्या ब्रिटिश डिटेक्टिव्ह कादंबऱ्या वाचायच्या तर सुरुवात कुठून करावी

ब्रिटिश रहस्यकथा आवडतात, पण नुसत्या 'खून कोणी केला' यावर आता भूक भागत नाही. माणसं हवीत आणि त्या माणसांमधले रंगावरून, वंशावरून पडलेले पीळही हवेत, असं म्हणणाऱ्या वाचकाला हमखास दोन पुस्तकं सुचवली जातात. रूथ रेंडेल यांची 'सिमिसोला' (१९९४) आणि अबीर मुखर्जी यांची 'अ रायझिंग मॅन' (२०१६). दोन्ही मोठ्या मालिकांमधली आहेत आणि दोन्हींत पोलीस अधिकारीच नायक आहे. वेळ एकालाच देता येणार असेल तर कोणाला द्यावा, यावर मला जे वाटतं ते लिहितो.

आपल्याला पहिली ओढ मुखर्जींची लागते, आणि ते साहजिक आहे. १९१९ चा एप्रिल, कलकत्ता. महायुद्धातून जिवंत परतलेला, बायको इन्फ्लुएन्झात गमावलेला, अफूच्या आहारी गेलेला कॅप्टन सॅम विंडहॅम स्कॉटलंड यार्ड सोडून इथे येतो आणि नीट बूड टेकायच्या आत त्याच्या हाती एक प्रेत येतं. बडा गोरा सरकारी अधिकारी, देशी वस्तीतल्या गटारीत पडलेला, गळा चिरलेला, तोंडात चिठ्ठी कोंबलेली. रँडचा खून आणि चापेकर बंधू लहानपणापासून ऐकत आलेल्या मराठी वाचकाला हे प्रकरण परकं वाटतच नाही. फरक एवढाच की तो काळ आपण चापेकरांच्या बाजूने वाचलेला असतो. इथे तो तपासाला निघालेल्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या खांद्यावरून दिसतो. साहेबांच्या क्लबात हिंदी माणसाला मज्जाव करणारी पाटी, 'अँग्लो-इंडियन' म्हणून ना इकडची ना तिकडची ठरलेली ॲनी ग्रँट, रौलेट कायद्याने तापलेलं शहर, सगळं झपाझप पुढे सरकतं. इंग्रजी सोपी आणि खुसखुशीत आहे. मी रेल्वेच्या प्रवासात हातात घेतलं आणि घरी पोचल्यावर जेवणही बाजूला ठेवून संपवलं. पुस्तक हातातून खाली ठेवू न देणं हाच निकष असेल, तर पुढे वाचायची गरज नाही, मुखर्जी घ्या.

'सिमिसोला' तशी नाही. ससेक्समधलं किंग्जमार्कम हे काल्पनिक गाव, चीफ इन्स्पेक्टर वेक्सफर्ड पन्नाशी ओलांडलेला, वाचनाची आवड असलेला, स्वभावाने सज्जन. त्याचे डॉक्टर रेमंड अकांदे नायजेरियन आहेत. त्यांची बावीस वर्षांची मुलगी मेलनी रोजगार कार्यालयात जाऊन येते म्हणून निघते आणि परतत नाही. सुरुवातीला फार काही घडत नाही. बेकारी, भत्त्याच्या रांगा, वेक्सफर्डच्या स्वतःच्या मुलीची आणि जावयाची गेलेली नोकरी, स्थानिक निवडणूक. पात्रं इतकी की मला पहिल्या शंभरेक पानांत मागे जाऊन नावं तपासावी लागली. ज्यांना वेग लागतो त्यांना कंटाळा येईल, हे आधीच सांगितलेलं बरं.

पण मग मधला तो प्रसंग येतो. तो सांगितल्याशिवाय तुलना करता येत नाही, आणि खुनी कोण हे त्यातून कळत नाही, म्हणून सांगतो. एका काळ्या मुलीचं प्रेत सापडतं. वेक्सफर्ड अकांदे दांपत्याला कळवतो, ओळख पटवायला बोलावतो. चादर बाजूला होते. ती मेलनी नाही. मेलनीसारखी दिसतही नाही. दोघींत सारखं काय, तर कातडीचा रंग. त्या क्षणी मुलीच्या आईचा जो संताप उसळतो तो वाचताना मान खाली जाते, कारण तोवर आपणही वेक्सफर्डबरोबर हेच गृहीत धरून चाललेलो असतो. लेखिकेने आपल्याला थांबवलेलं नसतं. कोणी वाईट वागलेलं नाही, कोणी शिवी दिलेली नाही. डॉक्टरांशी जास्तच गोड बोलणाऱ्या, आपण या बाबतीत स्वच्छ आहोत असं मनापासून मानणाऱ्या माणसाच्या हातून हे झालेलं आहे, आणि तपासाची दिशाच त्यामुळे चुकलेली आहे. त्या अनोळखी मुलीला नाव नाही म्हणून वेक्सफर्ड तिला सोजर्नर म्हणू लागतो. अमेरिकेतल्या गुलामीतून सुटलेल्या सोजर्नर ट्रूथचं ते नाव. पुढचं सगळं पुस्तक तिचं आहे.

हे कधी लिहिलंय तेही पाहा. एप्रिल १९९३ मध्ये लंडनच्या एल्टम भागात स्टीफन लॉरेन्स या काळ्या तरुणाचा वर्णद्वेषातून खून झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पूर्व लंडनमध्ये ब्रिटिश नॅशनल पार्टी या वर्णद्वेष्ट्या पक्षाने महापालिकेची एक जागा जिंकली. लॉरेन्स प्रकरणातल्या पोलिसांच्या वागण्यावर संस्थात्मक वर्णभेदाचा ठपका ठेवणारा मॅक्फर्सन अहवाल आला तो १९९९ मध्ये. त्याआधी पाच वर्षं रेंडेल यांनी आपल्या लाडक्या, वाचकप्रिय नायकालाच आरोपीच्या जागी उभं केलं होतं. मालिकेच्या तिसाव्या वर्षी, लोकांनी डोक्यावर घेतलेल्या पात्राच्या बाबतीत हे करायला छाती लागते.

आता माझ्या बाबतीत निर्णय ज्याने झाला ती अडचण. मुखर्जींच्या कादंबरीत खरा जळता माणूस विंडहॅम नाहीच, सार्जंट बॅनर्जी आहे. केंब्रिजला शिकलेला, नाव सुरेंद्रनाथ, पण कचेरीतले साहेब त्याला 'सरेंडर-नॉट' म्हणतात. स्वराज्याचं वारं वाहतंय आणि हा इंग्रजांच्या पोलिसात, घरचे नाराज. तो नोकरीत का आहे? उद्या स्वराज्य आलं तर पोलिसाचं काम जाणणारी आपली माणसं लागतील म्हणून. किती मोठी गोष्ट आहे ही! पण ती तो विंडहॅमला चार वाक्यांत सांगतो आणि प्रकरण पुढे जातं. अमृतसरच्या जालियनवाला बागेतल्या हत्याकांडाची बातमी येते, ही नोकरी करावी की नाही हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो, आणि आपण तेव्हाही विंडहॅमच्या डोक्यात असतो, त्याची अफू आणि त्याचं एकाकीपण ऐकत. रात्री बॅनर्जी खोलीवर जातो तेव्हा काय विचार करतो, वडिलांना पत्र लिहायला बसतो का, लिहिलेलं फाडतो का, हे मला हवं होतं. ते मिळत नाही म्हणून मी अनेकदा पान उलटताना चडफडलो. विंडहॅमही निर्दोष नाही, त्याचे पूर्वग्रह अधूनमधून दिसतात. पण ते दिसले की लगेच तो स्वतःच ते ओळखतो, आणि वाचकाला अस्वस्थ व्हायला वेळ उरत नाही. वर्णभेद बहुतेक वेळा क्लबच्या पाटीवर, सहकारी डिग्बीच्या बोलण्यात, कायद्याच्या कलमात, म्हणजे दुसऱ्या कुणाकडे तरी असतो.

कोणी म्हणेल, रेंडेल तरी अकांदेंच्या मनात कुठे शिरतात? नाही शिरत. तिथेही दार बाहेरूनच दिसतं. पण आपण या माणसांना ओळखत नाही ही गोष्टच तिथे कथानकाला कलाटणी देते, आणि ती किंमत नायकाला मोजावी लागते. मुखर्जींकडे तेच अंतर कथनाच्या सोयीसाठी राहिलंय असं मला वाटत राहिलं. कदाचित मी बॅनर्जीकडून जास्तच अपेक्षा ठेवली असेन. बंगाली वाचकाला हे आणखी वेगळं दिसत असेल.

मुखर्जींना ही उणीव ठाऊक असावी, कारण मालिकेच्या पाचव्या पुस्तकात, 'द शॅडोज ऑफ मेन' (२०२१) मध्ये, विंडहॅमच्या जोडीने बॅनर्जी स्वतः बोलू लागतो. १९२३ साल, हिंदू-मुसलमान तणाव, आणि कथा कलकत्त्याहून थेट मुंबईपर्यंत येते. मला ते मालिकेतलं सगळ्यात भरीव पुस्तक वाटलं. पण तिथवर पोचायला आधीची चार वाचलेली असली तर बरं, आणि सगळ्यांचा तेवढा धीर नसतो.

आजचंच इंग्लंड हवं असेल तर ए. ए. धांड यांची ब्रॅडफर्डमधली हॅरी विरदी मालिका आहे. शीख पोलीस अधिकारी, मुसलमान बायको, दोन्ही घरांनी टाकलेले. पाया भक्कम आहे, पण हाणामारी इतकी की माणसं त्यात हरवतात. माझ्यासाठी ती तिसऱ्या क्रमांकावर.

म्हणून विचारलंच तर मी 'सिमिसोला' आधी हातात देईन. वेक्सफर्डची आधीची पुस्तकं वाचलेली नसली तरी अडत नाही. त्याचा सहकारी माइक बर्डन जुन्या वळणाचा, कडक माणूस आहे एवढं कळलं की पुरे. नावं सुरुवातीला कागदावर लिहून ठेवा, आणि पाठमुखपृष्ठावरचा मजकूर वाचू नका. काही आवृत्त्यांत तो गरजेपेक्षा जास्त सांगतो. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आणि वाचनालयांत रेंडेल अजून सापडतात. मुखर्जी कुठल्याही मोठ्या दुकानात मिळतील, ते नंतरच्या प्रवासासाठी ठेवा.