पीडीएफ की युनिकोड पान? एआयच्या उत्तरात आपल्या लेखाचा दुवा यावा म्हणून

जुन्या अंकांचा साठा संकेतस्थळावर ठेवायचाय आणि चॅटजीपीटी, परप्लेक्सिटी, जेमिनी यांनी उत्तर देताना आपल्या लेखाचा दुवा द्यावा असं वाटतंय, तर बहुतेक मराठी संस्थांपुढे दोनच वाटा असतात. छपाईची पीडीएफ आहे तशी चढवायची, किंवा प्रत्येक लेखाचं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला मराठी म्हणूनच वाचता येणाऱ्या अक्षरांत, स्वतंत्र वेबपान करायचं. स्थानिक इतिहासाच्या एका त्रैमासिकासाठी मी दोन्ही वाटांनी गेलो आहे, म्हणून लिहितो.

आधी पीडीएफबद्दल, कारण तिची बाजू लंगडी नाही. अंक छापायला जातो तेव्हाच ती तयार असते. मांडणी, छायाचित्रं, तळटीपा जागच्या जागी राहतात. प्रबंध लिहिणाऱ्याला पृष्ठक्रमांक लागतो, तो मिळतो. शिवाय छापील पान हा पुरावा असतो. संस्थेचं काम बघणारी माणसं दोन-तीन, तीही आपापला व्याप सांभाळून वेळ देणारी. अशा वेळी वर्षभराचे अंक एका संध्याकाळी चढवून मोकळं होता येणं ही मोठी सोय आहे. गुगल पीडीएफ वाचतं, स्कॅन केलेल्या पानांवरचा मजकूरही २००८ पासून ओळखायचा प्रयत्न करतं. त्यामुळे पीडीएफ चढवली की काम झालं, असं वाटणं स्वाभाविक आहे.

माझा कौल फिरला तो एका साध्या तपासणीने. आपली पीडीएफ उघडा, एक परिच्छेद निवडा, कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. श्री-लिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये जुळवणी झालेली असेल, तर मराठीचं एक अक्षरही उतरत नाही. रोमन अक्षरं, स्वल्पविराम, अवतरणचिन्हं यांची नुसती खिचडी दिसते. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या कोडवर देवनागरीच्या आकृत्या बसवलेल्या असतात. डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसतं, पण फाईलच्या पोटात मराठी नसतंच. एआयसाठी मजकूर गोळा करणारे बॉट बहुतेक वेळा पोटातला मजकूर उचलतात. आपण वर्षानुवर्षं मेहनतीने छापलेला लेख त्यांच्या लेखी अर्थहीन चिन्हांची रांग असतो.

अंक युनिकोडमध्ये जुळवला म्हणजे प्रश्न सुटला, असंही नाही. पीडीएफमध्ये अक्षरांच्या आकृत्या अनेकदा दिसतात त्या क्रमाने साठवल्या जातात, आणि ऱ्हस्व वेलांटी तर व्यंजनाच्या आधी दिसते. त्यामुळे ‘विहीर’ कॉपी केली की ‘िवहीर’ होते आणि ‘किल्ला’चा ‘िकल्ला’. जोडाक्षरं तुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. मग कोणी ‘विहीर’ शोधली तर आपला लेख जुळणार कसा? सगळ्याच पीडीएफचं असं होतं असं नाही. नीट निर्यात केलेल्या फाईली मी पाहिल्या आहेत. पण आमच्या साठ्यात त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच निघाल्या.

स्कॅन केलेल्या अंकांची गोष्ट मला जास्त जिव्हारी लागली. ओसीआरला, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणाऱ्या सॉफ्टवेअरला, देवनागरी १ आणि ९ मध्ये गल्लत करायची खोड आहे, विशेषतः शाई पसरलेली असेल तर. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर घ्या. वीरूबाई भोसले यांनी ती शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ.स. १७१९ ते १७२४ या काळात बांधवून घेतली. त्यातल्या १६४१ चा ९६४९ झाला तर निदान चूक उघडी पडते. पण १७१९ चा १७११ झाला तर कोणाच्या लक्षात येणार? इतिहासाच्या त्रैमासिकाला कोणी उद्धृत केलं नाही तर एकवेळ चालेल. आमचं नाव लावून चुकीचं साल फिरणं मला मान्य नव्हतं. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

स्वतंत्र पानाचा दुसरा फायदा हळूहळू लक्षात येतो. ‘बारा मोटेची विहीर कोणी बांधली’ असं विचारल्यावर ही साधनं अख्खा अंक समोर घेऊन बसत नाहीत, प्रश्नाशी जुळणारा तुकडा उचलतात. लेखाला स्वतःचा पत्ता, स्वतःचं शीर्षक, लेखकाचं नाव, तारीख आणि पहिल्याच परिच्छेदात कोणी-कधी-कुठे असेल, तर तो तुकडा स्वतःच्या पायावर उभा राहतो. अंकात तोच मजकूर संपादकीय, वर्गणीदारांची यादी आणि जाहिराती यांच्यामागे दडलेला असतो. दुवा मिळालाच तरी वाचक मुखपृष्ठावर येऊन पडतो आणि तिथूनच परत जातो. आमच्या विषयांवरचे प्रश्न मी अधूनमधून विचारून बघतो. पूर्वी उत्तरं पर्यटनाच्या पानांवरून यायची. पानं केल्यापासून आमचा दुवा दिसायला लागला आहे. याला मोजमाप म्हणता येणार नाही, आणि उद्या चित्र बदलूही शकतं.

आयआयटी दिल्ली आणि प्रिन्स्टनच्या संशोधकांचा २०२३ मधला एक अभ्यास आहे. त्यांना असं दिसलं की मजकुरात आकडे, अवतरणं आणि संदर्भ घातल्यावर एआयच्या उत्तरांत तो अधिक ठळकपणे येतो. तेच तेच शब्द कोंबल्याने मात्र फायदा होत नाही. मराठीला हे जसंच्या तसं लागू पडेल असं मी म्हणणार नाही. पण इतिहासाच्या नियतकालिकाकडे शिलालेखाचं वाचन, सनावळी, दप्तरातले उतारे हेच तर भांडवल असतं. ते वाचता येईल अशा रूपात ठेवणं एवढंच आपल्या हातात आहे.

पानांची वाट सोपी नाही. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनं मिळतात, पण नंतर डोळ्यांत तेल घालून मुद्रितशोधन करावंच लागतं. रफार, ‘ऱ्या’, ‘द्ध’, ‘श्र’ आणि सगळे आकडे मूळ पानाशी ताडून बघावे लागतात. एक अंक करायला आठवडे जातात. त्यात काही ठिकाणी पुस्तकासारखी पानं उलटून दाखवणारा फ्लिपबुक दर्शक गळ्यात मारला जातो. त्याच्या नादी लागू नये. दिसायला देखणा असला तरी तो मजकूर बहुधा जावास्क्रिप्टने, म्हणजे पान उघडल्यावर ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडने, नंतर आणतो किंवा चित्र म्हणून दाखवतो, आणि एआयचे बरेच बॉट जावास्क्रिप्ट चालवत नाहीत. ब्राउझरमध्ये पेज सोर्स, म्हणजे पानामागचा मूळ कोड, उघडून लेखातलं एक वाक्य शोधा. तिथे सापडलं नाही तर बॉटलाही बहुधा सापडणार नाही.

वाट कुठलीही धरा, बॉटसाठी दार उघडं आहे का ते बघा. एआयच्या प्रशिक्षणासाठी मजकूर न्यायला येणारा जीपीटीबॉट आणि चॅटजीपीटीच्या शोधासाठी येणारा ओएआय-सर्चबॉट हे वेगळे आहेत. कोणत्या बॉटने आत यावं हे सांगणाऱ्या संकेतस्थळावरच्या रोबोट्स फाईलमध्ये (robots.txt) पहिल्याला मज्जाव करून दुसऱ्याला आत घेता येतं. अनेक संकेतस्थळं ज्या सेवेमार्फत चालतात त्या क्लाउडफ्लेअरने १ जुलै २०२५ पासून नव्या संकेतस्थळांवर एआयचे बॉट आपणहून अडवायला सुरुवात केली, त्यामुळे तिथली सेटिंग एकदा तपासा. संकेतस्थळावर काय आहे ते एआयला सांगण्यासाठी एलएलएमएस (llms.txt) नावाची जी नवी मजकूर फाईल सुचवली जाते, तिच्यावर मी वेळ घालवणार नाही.

कविता, कथा, गौरवांक असा साठा असेल तर पीडीएफ पुरेशी आहे. त्यात कोणी उत्तर शोधायला येत नाही, आणि मांडणी जपणं तिथे जास्त मोलाचं. माहितीपर लेख असतील तर माझा कल पानांकडे, आणि तेही अंकांच्या क्रमाने नको. ज्या विषयावर आपल्याशिवाय दुसऱ्या कोणी लिहिलेलंच नाही, ते लेख आधी घ्या. आम्ही बारवा, वीरगळ आणि गावातल्या जुन्या बाजारपेठा आधी घेतल्या. प्रत्येक पानाच्या तळाशी मूळ अंकाची पीडीएफ आणि पृष्ठक्रमांक ठेवले आहेत. प्रबंधवाल्यांचीही सोय त्यातच झाली.