बाहुली विकायची की बाळंतविडा? लहान मुलांच्या वस्तू हातानं करणाऱ्या कोल्हापूरच्या कारागिरांसाठी

दसरा चौकातल्या मैदानावर बचत गटांचं प्रदर्शन भरलं की एकाच टेबलावर क्रोशाची बाहुली, लाकडी पांगुळगाडा, झबली-टोपडी, कुंची आणि चौकटी गोधडी अशी मांडामांड दिसते. करणारी बाई एकच असते. गिऱ्हाईकही बहुधा एकच, नातवंडासाठी काहीतरी हातचं घ्यायला आलेली आजी. कायदा मात्र या टेबलाचे दोन भाग करतो. बाहुली आणि पांगुळगाडा खेळणी ठरतात, त्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. झबलं, दुपटं आणि गोधडी कापडात मोडतात, त्यांना ती सक्ती नाही. घरातून धंदा सुरू करायचा विचार असेल तर काय करायचं हे ठरवण्याआधी हा फरक कळलेला बरा, कारण पैसा आणि कागदपत्रं दोन्हींचा हिशेब त्यावरच बदलतो.

खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०२० मध्ये काढला आणि १ जानेवारी २०२१ पासून तो लागू झाला. १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळावं म्हणून बनवलेली किंवा उघडपणे त्यासाठीच दिसणारी कुठलीही वस्तू त्यात येते. ती निव्वळ खेळण्यासाठीच असली पाहिजे असंही नाही. म्हणून 'शोभेची वस्तू' असं लेबल चिकटवून सुटका होते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. हसऱ्या तोंडाचा, मऊ, वीतभर लांबीचा ससा शोकेससाठी आहे असं कुठलाही अधिकारी मानणार नाही.

हा कायदा मला जाचक वाटत नाही, हे आधीच सांगते. क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियानं २०१९ मध्ये बाजारातली आयात खेळणी तपासली, तेव्हा जवळपास ६७ टक्के नमुने सुरक्षेच्या चाचणीत नापास झाले. मूल खेळणं आधी तोंडात घालतं. रंगातलं शिसं पोटात गेलं की मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो आणि ते नुकसान नंतर भरून काढता येत नाही. बाहुलीचा मण्याचा डोळा सुटून घशात अडकायला तर क्षण पुरतो. हे धोके कारखान्यातल्या खेळण्यात असतात तसेच घरी विणलेल्या खेळण्यातही असू शकतात. प्रश्न आहे तो खर्चाचा. महिन्याला हजारो नग काढणाऱ्या कारखान्याला चाचणीची फी जाणवतही नाही, पण महिन्याला पंधरा-वीस बाहुल्या करणाऱ्या बाईचा सगळा नफा त्यात जातो.

बाहुलीला दोन वाटा

पहिली वाट सवलतीची. डिसेंबर २०२० च्या दुरुस्तीनं दोन गटांना आयएसआय मार्कातून सूट मिळाली. एक म्हणजे केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या हस्तकला विकास आयुक्तांकडं नोंदणी असलेले कारागीर. दुसरा म्हणजे भौगोलिक मानांकन (जीआय टॅग) मिळालेल्या खेळण्यांचे अधिकृत वापरकर्ते, जसे चन्नपट्टणचे लाकडी खेळणी करणारे. कोल्हापुरी चपलेला मानांकन आहे, पण ते चपलेपुरतंच. बाहुलीला त्याचा उपयोग नाही. त्यामुळं आपल्याकडच्या बहुतेकांसाठी पहिलाच गट उरतो. त्या नोंदणीचं ओळखपत्र म्हणजे पहचान कार्ड. अर्ज ऑनलाइन करता येतो, फी नाही. तुम्ही ती वस्तू खरंच स्वतःच्या हातानं करता की नाही, याची पडताळणी होते.

इथं मोठा गोंधळ होतो. लघुउद्योगाची उद्यम नोंदणी आहे, बचत गटाची सभासद आहे किंवा पीएम विश्वकर्मामध्ये नाव घातलंय, म्हणजे सूट मिळाली असं अनेकींना वाटतं. विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत पारंपरिक बाहुली आणि खेळणी करणारे आहेत हे खरं. तिथून १५ हजारांचं टूलकिट आणि ५ टक्के व्याजानं कर्ज मिळतं, ते जरूर घ्या. पण आयएसआय मार्कातून सूट फक्त हस्तकला आयुक्तांकडच्या नोंदणीनं मिळते. बाकीची कार्डं त्या जागी चालत नाहीत.

दुसरी अडचण सवलतीच्या शब्दांत आहे. नोंदणीकृत कारागिरानं तयार केलेल्या आणि विकलेल्या मालाला सूट आहे. म्हणजे तुम्ही बाहुली स्वतः केलीत आणि प्रदर्शनात किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतः विकलीत तर प्रश्न नाही. महाद्वार रोडवरच्या दुकानदाराला पन्नास नग घाऊक दिलेत, तर विकणारा तो झाला. शेजारच्या चार बायकांकडून विणून घेऊन तुमच्या नावानं विकलंत, तर करणाऱ्या त्या झाल्या. हे दोन्ही प्रकार सवलतीत बसतात असं गृहीत धरून चालू नका. दुकानदार बिल आणि मार्क मागतो तो उगाच नाही. आयएसआय मार्क देणाऱ्या भारतीय मानक ब्यूरोच्या, म्हणजे बीआयएसच्या, २०१६ च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्यालाच किमान २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे आणि विकणाराही त्यात येतो. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं बिनमार्काची खेळणी विकल्याबद्दल मोठ्या ऑनलाइन कंपन्यांना नोटिसा काढल्या. मोठ्या ऑनलाइन बाजारात खेळणी विकायला गेलात तर परवान्याचा क्रमांक मागितला जाईल, ही तयारी ठेवा.

दुसरी वाट परवान्याची. बीआयएसकडं अर्ज करायचा, जागेची पाहणी होते, नमुने तपासले जातात. मग आयएसआय मार्क आणि त्याच्यासोबत परवाना क्रमांक छापायचा. साध्या, बिनविजेच्या खेळण्यांना आयएस ९८७३ मानक लागतं. त्याच्या पहिल्या भागात धारदार कडा आणि सुटे तुकडे, दुसऱ्यात ज्वलनशीलता, तिसऱ्यात शिशासारखे विषारी घटक. विजेच्या खेळण्यांना आयएस १५६४४. परवाना त्या जागेला मिळतो, म्हणून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून काम करणारीला तो घेणं अवघड जातं. सूक्ष्म उद्योगांना आणि महिला उद्योजकांना मार्किंग फीत सवलत आहे. स्वतःची प्रयोगशाळा नसतानाही सूक्ष्म उद्योगांना ठरावीक मुदतीपुरता परवाना देण्याची सोय केली गेली होती. अर्जाच्या वेळी ती चालू आहे का, ते बीआयएसच्या पुणे शाखेत विचारूनच पुढं जा.

माझं मत स्पष्ट आहे. एकटीनं करून एकटीनं विकायचं असेल तर पहचान कार्ड पुरेसं आहे. पाच-सहा जणींना काम द्यायचं आहे, दुकानांत माल ठेवायचा आहे, तर गटाची एक सामायिक जागा करून परवान्याकडंच जावं. मधला मार्ग, म्हणजे एकीच्या कार्डावर दहा जणींचा माल, धोक्याचा आहे.

सवलतीबद्दल आणखी एक सांगायचंय. पहचान कार्ड तुम्हाला मार्कातून सोडवतं, पण बाहुली कुणी तपासलेली नसते. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळं झालेल्या इजेची जबाबदारी उत्पादकावर आहे आणि तिथं कारागिराला वेगळी सूट दिलेली नाही. म्हणून तपासणी आपली आपणच करायची. तीन वर्षांखालच्या मुलासाठी काही करत असाल तर ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळीत बसेल असा एकही सुटणारा भाग नको. डोळ्यांना मणी आणि बटणं लावण्याऐवजी दोऱ्यानं भरा. इचलकरंजीच्या चिंध्या किंवा कापूस आत भरताना सुई, पिन, धातूचा कण राहिला नाही ना, हे हातानं चाचपून बघा. लाकडाला रंग देताना डबा बघून घ्या. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नको, असा नियम २०१६ मध्ये झाला, पण तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरताच आहे. उद्यमनगरात मशिनला मारायचा रंग स्वस्तात आणि सहज मिळतो. तो पांगुळगाड्याला कधीही लावू नका. माळ्यावरचे जुने ऑइलपेंटचे डबेही नकोत.

बाळंतविड्याची वाट

झबलं, टोपडं, दुपटं, लाळेरं, मोजे आणि वर एक लहान गोधडी. देशात विकायला हा संच सर्वांत सोपा. खेळण्यांचा आदेश लागू नाही, परवाना नाही. पाकिटात बंद करून विकत असाल तर वजनमापे कायद्याप्रमाणे तुमचं नाव-पत्ता, नगसंख्या, तयार केल्याचा महिना आणि वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी फोन नंबर एवढं छापायचं. रंगीत कापड घेताना मात्र स्वस्तावर जाऊ नका. घातक ॲझो रंगांवर आपल्याकडं १९९७ मध्येच बंदी आली आहे, पण सुट्ट्या कापडाच्या ढिगाऱ्यात कुठला रंग वापरलाय हे डोळ्यांना दिसत नाही. बिल देणाऱ्या व्यापाऱ्याकडून घ्या. नवजात बाळासाठी तर बिनरंगी सुती कापडच बरं.

संचात एक खुळखुळा किंवा कापडी ससा टाकायचा मोह होतो, कारण तो फोटोत छान दिसतो. त्या क्षणी संचात खेळणं आलं. पहचान कार्ड हातात येईपर्यंत तो ससा बाजूला ठेवा.

हुपरीच्या चांदी कारागिरांबद्दल थोडं. बाळाचे वाळे, मनगट्या दागिन्यांत मोडतात. चांदीचा खुळखुळा मात्र खेळण्याकडं झुकतो. घुंगरू घट्ट बसवलेलं असणं ही दोन्हीकडं पहिली अट.

माल परदेशी पाठवायचा असेल तर

भारताच्या खेळणी आदेशातून निर्यातीचा माल वगळलेला आहे. तिथं लागतो तो पोहोचायच्या देशाचा कायदा आणि तो सोपा नाही.

अमेरिकेत २००७ मध्ये शिसं असलेल्या खेळण्यांच्या प्रकरणांवरून गदारोळ झाला आणि ऑगस्ट २००८ मध्ये ग्राहकवस्तू सुरक्षेचा कडक कायदा आला. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीची प्रत्येक वस्तू त्यात आली, कपडेसुद्धा. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतली चाचणी, प्रमाणपत्र आणि वस्तूवर माग काढता येईल अशी खूण, हे सगळं सक्तीचं झालं. तिथले घरगुती कारागीर हवालदिल झाले, हस्तनिर्मित खेळणी करणाऱ्यांची संघटना उभी राहिली आणि ऑगस्ट २०११ मध्ये दुरुस्ती झाली. एका वस्तूचे वर्षाला ७,५०० पर्यंत नग आणि ठरावीक मर्यादेपर्यंत उलाढाल (२०११ मध्ये १० लाख डॉलर, पुढं महागाईप्रमाणे वाढत गेलेली) असलेल्या छोट्या उत्पादकानं दरवर्षी नोंदणी केली, तर काही चाचण्या बाहेरच्या प्रयोगशाळेत कराव्या लागत नाहीत. पण शिशाची १०० पीपीएम मर्यादा आणि रंगासाठी ९० पीपीएम त्यालाही लागू. रंगातलं शिसं, सुटे लहान भाग, मुलांचे धातूचे दागिने यांची बाहेरची चाचणीही चुकत नाही. आपल्या सवलतीपेक्षा मला ही पद्धत जास्त पटते. तिथं खर्चात सूट दिली, मुलाच्या सुरक्षेची पातळी तीच ठेवली.

आपल्या मालाला तिथं काही गोष्टी सोयीच्या आहेत. बिनरंगी, प्रक्रिया न केलेलं लाकूड, सुती कापड, लोकर यांना शिशाची चाचणी लागत नाही. ९२५ शुद्धतेच्या चांदीलाही नाही, म्हणून हुपरीहून वाळे पाठवायचे तर शुद्धता त्याखाली नेऊ नका. एक गोष्ट मात्र चटकन लक्षात येत नाही. चौरस मीटरला सुमारे ८८ ग्रॅमपेक्षा हलक्या साध्या सुती कापडाला ज्वलनशीलतेची चाचणी लागते. आपलं मलमलचं झबलं बहुधा त्याहून हलकंच असतं. जरा जाड सुती घेतलंत तर हा खर्च वाचतो. आणि पाळण्याच्या कडेला लावायच्या भरगच्च गाद्या अमेरिकेला अजिबात पाठवू नका. २०२२ च्या कायद्यानं त्या विकायलाच बंदी आहे, कारण तान्ह्या बाळाचं नाक त्यात दबतं. ८०० डॉलरखालच्या पार्सलची करमाफीही २९ ऑगस्ट २०२५ पासून गेली आहे, तो बोजाही किमतीत धरा.

युरोपात खेळण्याला सीई खूण, म्हणजे तिथल्या सुरक्षेच्या नियमांत बसल्याची खूण, लागते. मानकं पूर्ण पाळली असतील तर बहुतेक साध्या खेळण्यांना उत्पादक स्वतःच ती जाहीर करू शकतो. पण चाचण्यांसह सगळी कागदपत्रं १० वर्षं जपून ठेवावी लागतात. खरी अडचण वेगळीच आहे. युरोपीय संघात राहणारी एक जबाबदार व्यक्ती किंवा संस्था आणि तिचा पत्ता वस्तूवर हवा. खेळण्यांना ही अट जुलै २०२१ पासून आहे, कपडे आणि गोधड्यांनाही १३ डिसेंबर २०२४ पासून. ही सेवा पैसे देऊन मिळते, पण वर्षाला थोडाच माल पाठवणाऱ्याला ती परवडत नाही. जर्मनीतल्या भाचीला गोधडी भेट पाठवणं वेगळं. तिच्या मैत्रिणींच्या ऑर्डरी घेऊ लागलात की तो धंदा झाला.

दोन्हीत निवडायचं तर आधी अमेरिका, तीही सुती कपड्यांपासून, आणि तिथला आयातदार प्रमाणपत्राची जबाबदारी लेखी घेत असेल तरच. त्या प्रमाणपत्राशिवाय पार्सल अडकलं तर परत आणण्याचा खर्च मालापेक्षा जास्त होतो.

सुरुवात करणाऱ्या बाईला मी हाच क्रम सांगेन. पहिलं वर्ष बाळंतविडा, देशातच. त्याच काळात पहचान कार्डाचा अर्ज आणि मग दोऱ्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या. मागणी हाताबाहेर गेली की गट करून परवाना. निर्यात त्यानंतर. पहिल्या दिवसापासून एक वही घाला: कुठल्या तारखेला काय केलं, दोरा, कापड आणि रंग कुणाकडून आणला, बिल नंबर काय, कुणाकुणाला विकलं. अमेरिकेची माग काढायची खूण आणि युरोपची कागदपत्रं या दोन्हींचा पाया हीच वही आहे. कधी एखाद्या कापडाचा रंग वाईट निघाला, तर कुणाकुणाला फोन करायचा हेही तीच सांगेल. कार्डाच्या पडताळणीला वेळ लागतो, तेव्हा अर्ज दिवाळीच्या प्रदर्शनाच्या तोंडावर न करता पावसाळ्यातच करून टाका.